खोली एक, मुलगा, सकाळी दहा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभरात तोंडातून सहा शब्द निघाले. मोजले! सकाळच्या मीटिंगमध्ये "हो, झालंय, आज संपवते" आणि कुरिअरवाल्याला "खालीच ठेवा". बाकी सगळं टाइप करून. संध्याकाळी गॅस पेटेना तेव्हा त्याला एक शिवी हासडली, तर आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. शिवी धरली तर सात. आई होती तेव्हा म्हणायची, "किती बडबडतेस गं, जरा श्वास घे!" घेते आहे. दीड वर्ष नुसता श्वासच घेते आहे.

घाईसाहेबांनी एक तक्रार माझ्याकडे ढकलली. (आमचे साहेब. हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही.) वृद्धाश्रमाची तक्रार आहे. नातेवाइकांनी भेटीची वेळ ठरवायची म्हणून मी त्यांना एक फॉर्म करून दिला होता, त्याबद्दल. व्यवस्थापक मुख्य कार्यालयात बसून लिहितात — "खोली क्र. १ मधील आजोबांचा मुलगा रोज सकाळी दहाची वेळ घेतो व येत नाही. आजोबा तयार होऊन बसतात. अशा इसमांना ब्लॉक करण्याची सोय करून द्यावी."

रोज! रोज वेळ घ्यायची आणि जायचं नाही! कसला माणूस असेल हा. आई असती तर मी धावत गेले असते. उद्या बघतेच त्याच्याकडे.

४ फेब्रुवारी, बुधवार

वृद्धाश्रमात फोन केला. रिसेप्शनवरच्या ताई गप्पिष्ट निघाल्या, बरं वाटलं. म्हणाल्या, "रोज सकाळी यादी प्रिंट होते बघा. खोली एक, मुलगा, सकाळी दहा. नाव नसतं. नावं नकोत, खासगी असतं, असं तुमच्याच लोकांनी सांगितलं ना? मग मावशी दाढी करून देतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, चाकाच्या खुर्चीवरून भेटीच्या खोलीत आणून बसवतात. अकरा वाजता परत."

"ते काही म्हणतात का हो?"

"काय म्हणणार? 'नाही आला वाटतं', एवढंच. आणि हसतात. आम्हालाच गलबलून येतं. मावशी तर म्हणतात, एकदा सापडू दे तो मेला!"

मावशींच्या मागे मी उभी आहे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. दुपारी जेवताना त्या माणसाला मनातल्या मनात इतकं सुनावलं की भात गार झाला. सुनावायला कोणीतरी आहे, तेही बरंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ब्लॉक करायचं तर त्याचा मोबाइल नंबर हवा. नोंदी काढल्या. नोव्हेंबरपासून एकाहत्तर नोंदी. खोली एक, मुलगा, सकाळी दहा. खोली एक, मुलगा, सकाळी दहा. प्रत्येकीपुढे "आले नाहीत".

आणि नंबर? सगळे वेगवेगळे!

एवढे फोन कोणाकडे असतात? नीट पाहिलं. प्रत्येक नोंदीच्या दोन सेकंद आधी त्याच नंबरावरून दुसरी नोंद आहे — खोली चौदा, सून, संध्याकाळी पाच. खोली नऊ, नातवंड, दुपारी चार. ही सगळी माणसं ठरल्या वेळी गेलीही आहेत. म्हणजे पहिली नोंद खरी. मग दुसरी कोणी केली?

अंदाज आलाय. आज बघत नाही. उद्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान स्वतःशी तरी सारवासारव करता येणार नाही.

फॉर्ममध्ये तीन ड्रॉपडाउन याद्या आहेत. कोणाला भेटायचं, नातं काय, वेळ कुठली. प्रत्येकात सगळ्यात वर "— निवडा —" अशी ओळ होती. फॉर्म पाठवून झाला की तिन्ही याद्या रीसेट होऊन "निवडा"वर परत याव्यात, असा हिशेब. पण मी कोड लिहिताना "निवडा"वर ये असं लिहिलं नाही. पहिल्या ओळीवर ये, असं लिहिलं. तेव्हा दोन्ही एकच होतं ना!

मग नोव्हेंबरात व्यवस्थापकांचा फोन आला. कोणा काकूंनी म्हणे विचारलं, ही निवडा कुठल्या खोलीत राहते? काढून टाका ती ओळ, लोकांचा गोंधळ होतो. घाईसाहेब म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." मी दोन मिनिटांत केलं. ओळ काढली आणि रीसेटकडे बघितलंसुद्धा नाही. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे पहिल्या ओळीवर जात राहिला. पहिल्या ओळीवर आता माणूस होता. खोली एक. नात्याच्या यादीत पहिला, मुलगा. वेळेच्या यादीत पहिली, सकाळी दहा. तारीख आपोआप उद्याची, मोबाइल नंबर लॉगिनमधून आपोआप.

पान हळू चालतं. लोक बटण दाबतात, काही झालं नाही असं वाटून पुन्हा दाबतात. पहिल्या दाबाला खरी वेळ ठरते, फॉर्म रीसेट होतो. दुसऱ्या दाबाला — खोली एक, मुलगा, सकाळी दहा. एका खोलीसाठी एका वेळेला एकच भेट घेता येते, म्हणून रोज एकच. नाहीतर आजोबांना दिवसाला दहा मुलगे आले असते. आले नसते, म्हणजे.

तीन दिवस ज्याला शिव्या घालत होते ती मीच. मी त्या माणसाला एकाहत्तर सकाळी दाढी करून खुर्चीत बसवलं आणि वाट पाहायला लावली. मी!

७ फेब्रुवारी, शनिवार

घाईसाहेबांना फोन केला. "हात्तिच्या! मग कर दुरुस्त. आणि हे बघ, मेल लांबलचक नको. 'तांत्रिक सुधारणा केली' एवढं पुरे."

"अहो, पण तिथे एक माणूस रोज—"

"भावनिक होऊ नकोस. दोन मिनिटांचं काम आहे."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी ओरडले होते. घसा दुखतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

दाढेने दुखणं काढलं होतं म्हणून दंतवैद्याकडे जाऊन आले. रविवारीही उघडा असतो हा एकच. तिथे कागदी फॉर्म. "आणीबाणीत कोणाला कळवायचं? नाव, नातं, फोन." पेन हातात धरून बसले. समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काहीतरी लिहा, रिकामं चालत नाही." बहिणीचं लिहावं तर ती समुद्रापलीकडे, तिचा दिवस म्हणजे माझी रात्र. शेवटी घाईसाहेबांचं लिहिलं. नातं — साहेब! ती हसली. मीही हसले. घरी आल्यावर रडले, खोटं कशाला बोलू.

रडताना तेच डोक्यात. उद्या दुरुस्त केलं की परवाच्या यादीत खोली एक नसेल. मग आजोबांना काय वाटेल? मुलाने आता नावच टाकलं? आधी निदान येईन म्हणत तरी होता! चूक ठेवली तर तो माणूस रोज फसतो. काढली तर त्याची आशाच संपते. कोणीतरी समोर बसून त्याला सांगायला हवं. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला माहीत आहे आणि माझी टरकली आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

केलं. "निवडा" परत आणली. ती आता नुसती दिसते, पाठवता येत नाही. फॉर्म रीसेट झाला की तिन्ही याद्या तिच्यावरच येतात. आणि बटण एकदा दाबलं की उत्तर येईपर्यंत दुसऱ्यांदा दबत नाही. पन्नास वेळा दाबून पाहिलं. एकही भूत निघालं नाही.

व्यवस्थापकांना सगळं खरं लिहून टाकलं. चूक माझी, असा कोणी मुलगा वेळ घेत नव्हता, नोंदी खोट्या होत्या. घाईसाहेबांना कळेल तेव्हा कळेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

न राहवून रिसेप्शनला फोन. ताई म्हणाल्या, "आज यादीत नव्हतं ना, मग दाढीही नाही आणि काही नाही. साडेनऊला त्यांनी स्वतःच विचारलं मावशींना, आज मुलगा नाही का? नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले."

फॉर्म उघडला. माझाच फॉर्म, पहिल्यांदा खरोखर भरला. खोली एक. उद्या. सकाळी दहा. नातं — निवडा. खाली मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंड, भावंड, इतर. इतर.

घाईसाहेबांना कळवलं, उद्या मीटिंगला नाही, दाढ. हल्ली दाढच कामाला येते आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आले. लगेच लिहिते.

भेटीची खोली मोठी आहे. सात-आठ टेबलं, खिडकीतून रस्ता दिसतो, सारखी ये-जा, कोणाची नातवंडं पळतायत, कोणाची सून डबा उघडते आहे. खिडकीशी एक खुर्ची. गुळगुळीत दाढी, निळा शर्ट, बाह्यांची इस्त्री मोडलेली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत असं ताईंनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "नमस्कार काका. मी तुमच्या ओळखीची नाही."

"ते दिसतंय. यादीत इतर म्हणून आलीस ती तूच का? इतर म्हणजे काय गं? उरलेलं सामान?"

मग मी सांगितलं. घरून घोकून आले होते, तरी सगळं उलटसुलट झालं. ड्रॉपडाउन, रीसेट, पहिली ओळ, दोनदा दाबलेलं बटण. शेवटी म्हटलं, "तुमचा मुलगा वेळ घेत नव्हता काका. तो कधीच घेत नव्हता. माझ्या चुकीने तुम्ही वाट बघत बसलात. मला माफ करा."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते!

"अगं बाई, मला मुलगाच नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मुलगा नाही, मुलगी नाही. लग्न झालं, बायको सहा वर्षांत गेली, परत केलं नाही. मुलगा कुठून येणार? कॉम्प्युटरमधून?"

मी डोक्याला हात लावला. "मग तुम्ही बोलला का नाहीत? एकाहत्तर दिवस!"

"कशाला बोलू?" आवाज एकदम खाली आला. "माझं सलून होतं. चाळीस वर्षं लोकांच्या गालाला हात लावला मी. सकाळी सात ते संध्याकाळी आठ, माणसं, गप्पा, रेडिओ. इथे आलो तर आठवड्यातून एकदा दाढी, रविवारी, ओळीने सगळ्यांची, बटाटे सोलल्यासारखी. ज्याची भेट असेल त्याची त्या दिवशी वेगळी करतात. गरम पाणी, साबण, मावशी बोलते पण दाढी करताना. आज येणार हां मुलगा, असं म्हणते. मग इथे आणून बसवतात, माणसांत. तासभर. पहिल्या दिवशी वाटलं काहीतरी चुकलंय, सांगावं. मग गालाला गरम पाणी लागलं आणि म्हटलं, मरू दे, उद्या सांगू."

मी त्यांच्या गुळगुळीत गालाकडे बघितलं.

त्यांनी विचारलं, "मग, केलंस का दुरुस्त?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"हुशार आहेस," म्हणाले आणि खिडकीकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, "एवढं चांगलं चाललं होतं."

मावशी अकराला न्यायला आल्या. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काम सुचत नाही. मी वाट बघणं काढायला गेले आणि दाढी काढून घेतली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक वाईट विचार आला, लिहून टाकते. रोज पहाटे आपोआप एक नोंद टाकायची. खोली एक, मुलगा, सकाळी दहा. चार ओळींचं काम. कोणाला कळणारही नाही. लिहूनही ठेवल्या चार ओळी.

पुसल्या. आता समोरची खुर्ची रिकामी आहे हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. ती मजा गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

न कळवता गेले. म्हटलं खूश होतील. तर खोलीतच बसलेले, गालावर पांढरे खुंट, आणि मला बघून कपाळाला आठ्या!

"अशी कशी आलीस? रविवारची दाढी दुपारी असते. तू यादीत नाहीस, मग सकाळी माझी कोण करणार? हे असं तोंड घेऊन बसू माणसांत?"

"मला वाटलं, सहज यावं."

"सहज काय सहज! तुझाच फॉर्म ना? भर की मग! आदल्या दिवशी भरायचा!"

असा राग कोणी माझ्यावर काढून दीड वर्ष झालं. रस्ताभर हसत आले. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घाईसाहेबांना सांगून टाकलं. बुधवारी दहाच्या मीटिंगला मी नसेन. कुठल्याच बुधवारी नसेन. "दाढ अजून?" म्हणाले. म्हटलं, "नाही, दाढी." त्यांना वाटलं फोन तुटतोय.

मग उद्यासाठी फॉर्म भरला. पुन्हा इतर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज त्यांचं लक्ष माझ्या केसांवर. "हे कोणी कापलंय? विळीने?"

मीच कापते, आरशात बघून. आई कापायची आधी, बाल्कनीत, मानेला टॉवेल गुंडाळून. ती गेल्यावर कुठल्या पार्लरमध्ये जाववलं नाही. हे एवढं सगळं त्यांना सांगितलं. कसं काय सांगितलं कोण जाणे! कोणी विचारलंच नव्हतं आजवर.

"हात थरथरतात, कात्री नाही धरता येणार," म्हणाले. "पण कंगवा धरता येतो. बस खाली."

सगळ्यांसमोर! मी त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले, शेहेचाळीस वर्षांची बाई. त्यांनी खिशातला काळा कंगवा काढला आणि भांग पाडून दिला. डावीकडे. "तुझा भोवरा डावीकडे आहे, तू उजवीकडे पाडतेस, म्हणून ते उभे राहतात. आईने नाही सांगितलं कधी?" मान खाली घालून बसले होते म्हणून बरं, डोळे दिसले नाहीत. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. हे मला आज कळलं, लागल्यावर.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेले. दाढी, निळा शर्ट, खिडकी. आज त्यांनी भेटीच्या खोलीतल्या प्रत्येकाच्या हजामतीची हळू आवाजात चिरफाड केली. चौदा नंबरच्या जावयाला कल्ले नीट ठेवता येत नाहीत म्हणे. पोट दुखेपर्यंत हसले. ताई लांबून "शूऽऽ" करत होत्या.

निघताना म्हणाले, "ते इतर काही बरं वाटत नाही बघ. मावशी विचारते, इतर म्हणजे कोण? मी काय सांगू?"

"तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"मी कशाला सांगू? यादी तुझी आहे."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

उद्याचा फॉर्म. खोली एक. सकाळी दहा. नातं — निवडा.

अर्धा तास बसले तशीच. आधीची चूक सोपी होती, यंत्रच निवडून टाकायचं. आता ते काही निवडत नाही. मीच तसं केलंय.

भरला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काका काहीच म्हणाले नाहीत. यादी वाचली होती, ते मात्र नक्की. मावशींनी दाढी दोनदा करून दिली म्हणे, वरून खाली आणि खालून वर. आणि निघताना काकांनी मला बजावलं, येत्या रविवारी उशीर करायचा नाही.

१ मार्च, रविवार

बस बंद पडली. धावत गेले. दहा वाजून वीस मिनिटं. दारातूनच दिसलं, ते खिडकीतून रस्ता बघत होते. मान ताणून, खुर्चीच्या हातावर दोन्ही हात. मला बघितल्यावर लगेच मागे टेकले आणि म्हणाले, "मी काय वाट बघत नव्हतो हां!"

एकाहत्तर दिवस खरंच कोणाची वाट बघत नव्हते. आज बघत होते. भीती वाटली मला. आणि आनंद झाला, इतका की लाज वाटली.

८ मार्च, रविवार

दंतवैद्याकडे जाऊन फॉर्म मागून घेतला. साहेबांचं नाव खोडलं. वृद्धाश्रमाचा नंबर लिहिला. ती मुलगी म्हणाली, "हे कोण मॅडम?" मी सांगितलं.

१६ मार्च, सोमवार

घाईसाहेबांनी मुख्य कार्यालयाचा मेल पुढे पाठवलाय. वर त्यांचं एकच वाक्य, "तोच बग परत आलाय, पटकन बघ." खाली व्यवस्थापक — "खोली क्र. १ साठी पुन्हा खोट्या नोंदी पडत आहेत. या खेपेस 'मुलगी', बुधवार व रविवार, सकाळी दहा. आता तपासलेल्या कागदपत्रांनुसार सदर गृहस्थांना अपत्य नाही. त्वरित दुरुस्ती करावी."

उत्तर पाठवलं. "तपासलं. नोंदी बरोबर आहेत."